नेकीचा स्कोअर

रमजान जवळ आला की मुस्लिम पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर दोन तऱ्हेचे मेसेज फिरायला लागतात. एकात कुठल्यातरी नव्या ॲपची लिंक असते: मुलांना पब्जी-फ्री फायरपासून सोडवा, हा गेम त्यांना दुआ शिकवील, नमाजची सवय लावील, प्रत्येक नेकीला कॉइन देईल. दुसऱ्यात एखाद्या मौलानांची क्लिप असते: मोबाईलवरचा खेळ म्हणजे नुसतं वेळेचं मातेरं, आणि त्यात दीन, म्हणजे धर्म, घालणं म्हणजे दीनचाच खेळ करणं. पहिले दुसऱ्यांना मागास म्हणतात, दुसरे पहिल्यांना दुनियादार. ग्रुपबाहेर एक तिसरा बसलेला असतो, स्वतःला पुरोगामी म्हणवणारा. मुलांच्या खेळण्यात धर्म घुसवूच नका, एवढंच त्याचं म्हणणं. हा वाद मी बरीच वर्षं ऐकतो आहे. गेम उघडून तो मुलाला नेमकं काय करायला लावतो, हे बघण्याची तसदी मात्र तिघांपैकी कुणी घेताना दिसत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. व्हिडिओ गेममधून मुलांना नीतीचा विचार करायला शिकवता येतं, आणि त्यात इस्लामी अखलाक, म्हणजे सदाचार, हाही आला. पण त्या नावाने आज जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं नेमकं उलटं शिकवतं, कारण त्यात दीन चित्रांत असतो आणि नियमांत तीच जुनी हाव. भिंतीवर कुराणातली आयत, मागे मिनार, नायकाच्या डोक्यावर टोपी. आणि खेळायचं काय, तर पळत सुटायचं, नाणी गोळा करायची, समोरच्याला मागे टाकायचं. मूल भिंत वाचत नाही, ते नाणी मोजतं. जी गोष्ट शंभर वेळा करावी लागते तीच हाताला आणि मनाला लागते. खेळात ती गोष्ट कोणती, हे नियम ठरवतात.

2020 च्या जूनमध्ये काय झालं ते आठवा. पब्जी मोबाईलच्या एका अपडेटमध्ये जंगलातल्या मूर्तीपुढे आपलं पात्र वाकवलं की त्याची ताकद भरून यायची. आखाती देशांत गदारोळ झाला, हा शिर्क, म्हणजे अल्लाहच्या जोडीला दुसऱ्याला पुजणं, आहे अशा तक्रारी गेल्या, कंपनीने माफी मागून तो भाग काढून टाकला. आक्षेप मला समजतो; आपल्या मुलाने खेळण्याच्या ओघात मूर्तीपुढे वाकावं हे मुसलमान आईबापांना खुपणारच. नवल वाटतं ते मूर्ती गेल्यावर सगळे शांत झाले याचं. शंभर जण बेटावर उतरतात आणि नव्व्याण्णव बाद झाल्याशिवाय एकाला जिंकता येत नाही, हा त्या खेळाचा मूळ नियम. तो कुणाच्या अकिद्याच्या, म्हणजे श्रद्धेच्या, आड कसा आला नाही? इंडोनेशियातल्या आचे प्रांताच्या उलेमांनी आदल्या वर्षी हिंसेचं कारण देऊन या खेळाविरुद्ध फतवा काढला होता, हा अपवाद. एरवी आमची नजर चिन्हावर खिळते. 2008 साली एका गाण्यात कुराणातले शब्द आढळले म्हणून सोनीने ‘लिटल बिग प्लॅनेट’ हा गेम बाजारात यायच्या तोंडावर थांबवून डिस्क परत मागवल्या, त्याचीही अशीच मोठी बातमी झाली होती. चिन्ह दुरून दिसतं. नियम कळायला दोन तास बसून खेळावं लागतं, आणि तेवढा वेळ ना मौलानांकडे असतो ना पालकांकडे.

मौलानांचा खरा बळकट मुद्दा ‘खेळ वाईट’ हा नाही. दीन खेळात घातला की त्याचं वजन जातं, हा आहे. ज्यांनी आपला दीन खेळ-तमाशा करून टाकला त्यांना सोडून दे, असं सूरह अल-अनआममध्ये आहे, आणि क्लिपांमध्ये ही आयत हमखास येते. ती हसण्यावारी नेता येत नाही. 2006 साली अमेरिकेत ‘लेफ्ट बिहाइंड: इटर्नल फोर्सेस’ नावाचा ख्रिस्ती गेम निघाला. जगाच्या अंतकाळी न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर श्रद्धावानांची फौज चालवायची, लोकांना आपल्या बाजूला आणायचं, नाहीतर लढायचं. माणूस मारला की आपल्या सैनिकाची आध्यात्मिक पातळी खाली यायची. मग काय करायचं? प्रार्थनेचं बटण दाबायचं. पातळी वर, आणि गडी पुन्हा मारायला मोकळा. बनवणाऱ्यांच्या मनात हत्येचं ओझं दाखवायचं असेलही. पण नियमाने जे दाखवलं ते इतकंच, की प्रार्थना ही बंदुकीत पुन्हा गोळ्या भरण्याची सोय आहे. नमाजला पॉइंट देणारं ॲप यापासून फार लांब नाही. तेव्हा इथपर्यंत मी मौलानांच्या बाजूने आहे: इबादत, म्हणजे उपासना, गेममध्ये आणू नका. नमाज, रोजा, तौबा (पश्चात्ताप) यांना बटण नसावं.

त्यापुढे जाऊन ते खेळच नको म्हणतात, तिथे मात्र परंपरा त्यांच्या मागे उभी नाही. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशा यांच्या खेळण्यांत एक पंखवाला घोडा होता. पैगंबरांनी विचारलं, घोड्याला पंख? त्या म्हणाल्या, सुलेमानच्या घोड्यांना पंख होते, हे ऐकलं नाही का? यावर पैगंबर मोकळेपणी हसले, अशी हदीस, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींची आठवण, आहे. ईदच्या दिवशी मशिदीत हबशी लोक भाल्यांचे खेळ करत होते आणि पैगंबर आयशांना ते दाखवत उभे होते, हीही प्रसिद्ध हदीस. धर्मपंडित इमाम गजालींनी तर आपल्या ‘इह्या’ या ग्रंथात स्वच्छ लिहिलं आहे की मकतबातून, म्हणजे मुलांच्या शाळेतून, सुटलेल्या मुलाला खेळू द्यावं, त्याला खेळापासून रोखून सतत अभ्यासाला जुंपलं तर त्याचं मन मरतं आणि बुद्धी बोथट होते. बाराव्या शतकाच्या पहिल्या दशकांत मेलेल्या या माणसाला मोबाईल माहीत नव्हता हे खरं. मूल माहीत होतं.

बुद्धिबळाबद्दलचा जुना वाद या बाबतीत फार शिकवून जातो. सुन्नी धर्मशास्त्राच्या चार परंपरांपैकी हनफी, मालिकी, हंबली फकिहांचा, म्हणजे धर्मशास्त्र्यांचा, कल मनाईकडे, शाफईंचा थोडा ढिला. इराणमध्ये 1979 च्या क्रांतीनंतर बुद्धिबळावर बंदी आली आणि खोमेनींनीच 1988 मध्ये ती उठवली. 2016 साली सौदीच्या ग्रँड मुफ्तींनी पुन्हा ते निषिद्ध म्हटलं. बाहेरून बघणाऱ्याला हा नुसता गोंधळ वाटेल. पण जुन्या फकिहांचे प्रश्न बघा: पैज लागते का? नमाज चुकते का? डाव हरल्यावर तोंडात शिवी येते का? म्हणजे हा खेळ खेळणाऱ्याचं काय करतो, हे ते विचारत होते. मोहऱ्यांच्या आकाराचा प्रश्नही होता, पण तो एकटा नव्हता. आज आम्ही मोहऱ्यांचा आकार तेवढा धरून बसलो आहोत.

‘इस्लामी गेम’ काढणाऱ्यांच्या आधी या वाटेने ख्रिस्ती मंडळी जाऊन आलेली आहेत, आणि तो इतिहास करमणुकीचा आहे. विस्डम ट्री नावाच्या अमेरिकन कंपनीने 1991 मध्ये ‘बायबल ॲडव्हेंचर्स’ काढला. त्यात बाळ मोझेसला उचलून सुरक्षित जागी न्यायचं. पण गेमच्या नियमांत हातातली वस्तू फेकता येत होती, आणि बाळ ही हातातली वस्तूच होती. मुलांनी काय केलं असेल ते सांगायला नको. 1994 मध्ये त्याच कंपनीने नोहाच्या नावेवर गेम आणला. नाझी सैनिकांना गोळ्या घालण्याच्या त्या काळच्या एका गाजलेल्या गेमचा सांगाडा रीतसर परवाना घेऊन उचलला, नाझींच्या जागी बोकड आणि इतर जनावरं बसवली, बंदुकीच्या जागी गोफण. दाणा मारला की जनावर झोपी जातं. मार्गिका त्याच धाटणीच्या, धावणं तेच, समोर दिसेल त्यावर नेम धरणं तेच. हिंदूंना यावर हसायचं असेल तर त्यांनी 2009 सालचा ‘हनुमान: बॉय वॉरियर’ आठवावा. प्लेस्टेशनवरचा तो भारतीय गेम निघाला तेव्हाही वाद झाला तो देवाला कंट्रोलरने नाचवावं का, यावरच. खेळात भक्ती कुठे आहे, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

मराठी वाचकाला याहून जवळचा दाखला सापशिडीचा आहे. आपल्याकडे तिचं जुनं रूप मोक्षपट, आणि परंपरा त्याचं श्रेय ज्ञानेश्वरांना देते. घराघरावर गुण-दुर्गुण लिहिलेले. सद्गुणापाशी शिडी, दुर्गुणापाशी साप, माथ्यावर मोक्ष. सूफींनीही या पटाची आपली आवृत्ती केली होती, ती ‘शतरंज अल-आरिफीन’ म्हणून ओळखली जाते आणि तिच्या माथ्यावर खुदाचं सिंहासन असतं. (फाशांच्या नर्द या खेळाबद्दल हदीसमध्ये कडक शब्द असताना सूफींनी दानावर चालणारा पट कसा मांडला, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) इंग्रज हा पट घेऊन गेले, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यावर काटकसर, उद्योग, पश्चात्ताप असली व्हिक्टोरियन घरं आली. पुढे तीही पुसली गेली. आज जत्रेतल्या स्टॉलवर मिळणाऱ्या पटावर नुसते साप आणि नुसत्या शिड्या. एवढे ज्ञानी लोक, एवढा सुंदर पट, मग शिकवण का टिकली नाही? कारण खेळायला तिची गरज नव्हती. दान पडेल तिकडे सोंगटी जाणार. लोभाच्या घरात मी लोभ केला म्हणून गेलो नव्हतो, पाच पडले म्हणून गेलो होतो. घरावरचं नाव पुसलं तरी खेळ जराही बदलत नाही, म्हणून ते पुसलं गेलं. नियमात जे होतं ते मात्र शाबूत राहिलं: माणूस किती वर जाईल ते त्याच्या हातात नाही. प्रारब्ध म्हणा, तकदीर म्हणा, तेवढा एकच धडा प्रत्येक मूल आजही सापशिडीतून शिकतं.

‘व्यापार’ची गोष्ट तर याहून बोचरी. तो ज्या मोनोपोलीवरून आला, तिच्या मुळाशी लिझी मॅगी या अमेरिकन बाईचा 1904 चा पेटंट घेतलेला खेळ आहे. जमीनदार भाडं उकळून बाकीच्यांना कसं नागवतो हे लोकांना दाखवायचं म्हणून तिने तो रचला. तिच्याकडे नियमांचे दोन संच होते: एकात संपत्ती वाढली की सगळ्यांना वाटा, दुसऱ्यात एक जण सगळं गिळतो. दुसरा संच बघून लोकांना चीड यावी, अशी तिची अपेक्षा. पार्कर ब्रदर्सने 1935 मध्ये पाचशे डॉलरला तिचं पेटंट घेतलं आणि जगाला माहीत झाला तो दुसरा संच. तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या मुलं सुट्टीत भावंडांना कंगाल करून टाळ्या पिटत आली आहेत. हेतू एवढा नेक असलेल्या बाईचा खेळ जर तिच्याच विरुद्ध बोलू लागला, तर ‘आमची नियत चांगली आहे’ म्हणणाऱ्या ॲपवाल्यांवर डोळे मिटून विश्वास का ठेवायचा?

आता पॉइंटांकडे येतो, कारण खरी गोची तिथे आहे. ॲपवाल्यांचा युक्तिवाद असा: अल्लाहनेच सवाबाचं, म्हणजे पुण्याचं, आमिष दाखवलं आहे. जमातीतल्या, म्हणजे सगळ्यांनी मिळून केलेल्या, नमाजला सत्तावीस पट दर्जा, कुराणाच्या एकेका अक्षराला दहा नेक्या, रमजानमधली लैलतुल कद्रची रात्र हजार महिन्यांहून बेहतर. मग आम्ही दहा कॉइन दिले तर काय बिघडलं? हा मुद्दा मला खरोखर वजनदार वाटतो. इस्लाममध्ये मोजणी नाही असं म्हणणारा कुराण-हदीस न वाचलेला असावा. पण त्या मोजणीत दोन गोष्टी आहेत ज्या ॲपमध्ये नसतात. तो हिशेब आत्ता चुकता होत नाही, आणि तो दुसऱ्याला दिसत नाही. आपली नमाज कबूल झाली की नाही हे कुणालाच माहीत नसतं. त्या न कळण्यातच भीती आणि आशा दोन्ही असतात. ॲप मात्र सलाम फिरवून नमाज संपवताच टिंग करून सांगतं: कबूल, दहा कॉइन. वर लीडरबोर्ड: या आठवड्यात सगळ्यात जास्त दुआ अमुकने म्हटल्या. दिखाव्याच्या इबादतीला, रियाला, हदीसमध्ये छोटा शिर्क म्हटलं आहे. पब्जीतल्या मूर्तीविरुद्ध ओरडलेला बाप आपल्या मुलीचं नाव त्या लीडरबोर्डवर वर आलं की स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकतो, तेव्हा त्याला काहीच कसं खटकत नाही? बसऱ्याची सूफी संत राबिया हिच्याबद्दल सांगतात की ती एका हातात मशाल आणि एका हातात पाण्याचं भांडं घेऊन निघाली होती, जन्नत जाळायला आणि दोजख विझवायला, म्हणजे लोक बक्षिसासाठी किंवा भीतीने खुदाला पुजणार नाहीत. तिच्या हातात हे ॲप दिलं असतं तर?

हा नुसता सूफी हळवेपणा नाही. 1973 मध्ये स्टॅनफर्डच्या बालवाडीत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या काही मुलांना आधी सांगितलं की चित्र काढलंत तर रिबिनीचं प्रशस्तिपत्र मिळेल. त्यांनी काढली, प्रशस्तिपत्र मिळालं. एक-दोन आठवड्यांनी ती मुलं आपणहून मार्कर उचलायची कमी झाली. बक्षिसाचं वचन न मिळालेली मुलं पूर्वीसारखीच रंगवत होती. एक भेद इथे करायला हवा. अरबी अक्षरं, उच्चार, सूरह पाठ करणं ही घोकंपट्टी आहे, आणि घोकंपट्टीला पॉइंट चालतात. आमच्या कोकणात घरटी कुणीतरी कुवेत-दुबईला असतं. तिथल्या फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या, गावच्या मकतबाचं तोंड न पाहिलेल्या मुलाला एखाद्या ॲपने अलिफ-बे शिकवलं तर मी त्याला नावं ठेवणार नाही. कंटाळवाण्या कामाला थोडी लालूच चालून जाते. दया, अमानत (विश्वासाने सोपवलेलं जपणं), खरं बोलणं ही कंटाळवाणी कामं म्हणून मुलापुढे ठेवायची आहेत का, एवढाच प्रश्न आहे.

तिसऱ्याचं, म्हणजे धर्मच नको म्हणणाऱ्याचं, ऐकू. त्याची भीती निराधार नाही. हिजबुल्लाहने 2003 मध्ये ‘स्पेशल फोर्स’ काढला, तो मुलांना हातात बंदूक देऊन मूल्यं शिकवणाराच गेम होता. पण त्याच वेळी अमेरिकेचं सैन्य काय करत होतं? 2002 च्या 4 जुलैला त्यांनी ‘अमेरिकाज आर्मी’ फुकट वाटायला सुरुवात केली आणि वीस वर्षं चालवला. निष्ठा, कर्तव्य, आदर, सचोटी अशी सैन्याची सात मूल्यं त्यात शिकवली जायची; नियम मोडून आपल्याच माणसावर गोळी झाडली तर थेट लेव्हनवर्थच्या तुरुंगाची कोठडी दिसायची. सगळ्यात मासलेवाईक मात्र वेगळंच होतं. दोन्ही बाजूंना खरी माणसं खेळत असली तरी प्रत्येकाला स्वतः अमेरिकन सैनिक दिसायचा आणि समोरचा शत्रू. म्हणजे त्या गेममध्ये शत्रू होऊन बघताच येत नसे, कधीच, कुणालाच. ही शिकवण कुठे लिहिलेली नव्हती, ती रचनेतच होती. मूल्यं शिकवणारा गेम म्हणजे फक्त धार्मिक गेम, असं समजणाऱ्याने याचं उत्तर द्यावं. दमास्कसच्या अफकार मीडियाने त्याच दशकात ‘कुरैश’ नावाचा, इस्लामच्या पहिल्या काळातल्या लढायांचा गेम केला. त्यात बदू, अरब, इराणी आणि रोमन अशा चारही बाजूंनी खेळता येई. कुणाचा गेम अधिक धार्मिक होता हे सोपं आहे. कुणाचा अधिक उदार होता, ते विचारा.

तरीही एक आक्षेप उरतो, आणि तो थेट माझ्यावर येतो. 2019 मध्ये ऑक्सफर्डच्या प्रशिबिल्स्की आणि कार्डिफच्या वाइनस्टाइन यांनी सुमारे हजार ब्रिटिश किशोरांचा अभ्यास केला. हिंसक गेम आणि आक्रमक वागणं यांचा संबंध त्यांना आढळला नाही. मग गेममध्ये गोळ्या घालून कुणी खुनी होत नसेल, तर गेममध्ये जकात, म्हणजे धर्माने ठरवून दिलेलं दान, देऊन कुणी दानशूर कसा होईल? एका हाताने घेतलेलं दुसऱ्या हाताने सोडावं लागेल. सोडतो. मदत करायला लावणाऱ्या गेममुळे मुलं थोडी अधिक मदत करतात असं सांगणारे अभ्यासही आहेत, पण तो परिणाम बेताचाच आहे आणि त्यावर मी इमारत बांधणार नाही. गेम मुलाला सद्गुणी बनवेल असा माझा दावाच नाही. गेम एक करू शकतो, जे गोष्ट किंवा तकरीर (प्रवचन) करू शकत नाही: निर्णय मुलाच्या हातात देऊन त्याची किंमत त्यालाच मोजायला लावणं. त्यानंतर त्याच्याशी बोलायला कुणीतरी माणूस लागतो. तो नसेल तर उत्तम गेमही वाया जातो.

असं करणारे गेम झालेले आहेत. रिचर्ड गॅरियटने 1985 मध्ये ‘अल्टिमा 4’ केला. आधीच्या गेमांत खेळाडू चोऱ्यामाऱ्या करून जिंकतात अशी पालकांची पत्रं आल्यावर त्याने ठरवलं की या वेळी शेवटी मारायला राक्षसच नको. आठ सद्गुण अंगी आणायचे, एवढंच ध्येय. बाजारात वनौषधी विकणारी एक आंधळी बाई आहे. किती पैसे ठेवायचे ते तुम्हीच ठरवता. कमी ठेवलेत तर ती काही बोलत नाही, खेळही त्या क्षणी काही बोलत नाही. गुणांचे आकडे पडद्यावर कुठेच दिसत नाहीत. बऱ्याच पुढे कळतं की रस्ता बंद झाला आहे, आणि का, ते आठवावं लागतं. अर्थात खेळाडू ते खेळाडूच. भिकाऱ्याला एकेक नाणं पुन्हा पुन्हा दिलं की करुणा वाढते हे त्यांनी हुडकून काढलं. तरी चाळीस वर्षांपूर्वी इतका विचार झाला होता. 2014 चा पोलिश गेम ‘धिस वॉर ऑफ माइन’ बोस्नियातल्या साराएवो शहराच्या वेढ्यावरून सुचलेला आहे. त्यात तुम्ही सैनिक नसता, वेढ्यात अडकलेली साधी माणसं असता. औषध संपलं आहे, आणि जवळच एक म्हातारं जोडपं राहतं ज्यांच्याकडे ते आहे. लुटता येतं, ते प्रतिकारही करत नाहीत. लुटून आल्यावर तुमची माणसं खचतात, जेवत नाहीत, एकमेकांशी बोलत नाहीत. हा मोठ्यांसाठीचा गेम आहे, लहानांच्या हातात देऊ नये. पोलंडने 2020 मध्ये तो शाळांसाठीच्या यादीत घेतला तो अठरा पूर्ण झालेल्यांसाठीच. पण बहुसंख्य मुसलमान असलेल्या शहराच्या यातनेतून उगवलेला, अमानत आणि शेजारधर्म यांवरचा इतका थेट गेम, आणि आमच्या ग्रुपांवर त्याचं नावही नाही. त्यात कुणी टोपी घातलेली नाही ना.

पैगंबर आणि सहाबा, म्हणजे त्यांचे साथीदार, यांचं चित्रण करायचं नाही, ही मर्यादा गेम बनवणाऱ्यांना अडचण वाटते. मला ती देणगी वाटते. थोर पुरुष होऊन खेळलं की प्रत्येक निर्णय आधीच बरोबर असतो. मुलाला सामान्य माणूसच व्हावं लागत असेल, मदिन्यातला पाणक्या, बगदादचा कापडवाला, कालिकतच्या बंदरातला हमाल, तर चुकायची मुभा येते, आणि चुकल्याशिवाय अखलाकचा विचार सुरूच होत नाही.

आणि धंद्याचं काय? जुगार, मैसिर, कुराणात दारूच्या जोडीला बसवून हराम ठरवला आहे. बेल्जियमने 2018 मध्ये पैसे देऊन घ्यायच्या लूट बॉक्सना, म्हणजे आत काय निघेल ते माहीत नसलेल्या खोक्यांना, जुगारात काढलं. मुलांच्या फुकट गेमांचा मोठा भाग आज याच तत्त्वावर चालतो: चाक फिरवा, खोकं उघडा, नशीब आजमावा, नाहीतर जाहिरात बघा. सबरचं, म्हणजे धीराचं, महत्त्व सांगणारा गेम दर दोन मिनिटांनी जाहिरात दाखवत असेल आणि थांबायचं नसेल तर पैसे भरा म्हणत असेल, तर त्याने सबरबद्दल जे सांगायचं ते सांगून झालं. गेम हलाल आहे का हे विचारणाऱ्या पालकांना मी आधी त्याचं कमाईचं पान बघायला सांगतो. तिथे बहुतेक उत्तर मिळतं.

एक किस्सा सगळ्या मकतबांत सांगितला जातो. खलिफा उमर रात्री मदिन्यात फिरत असताना एका घरातून आवाज आला. आई मुलीला म्हणत होती, दुधात पाणी घाल. मुलगी म्हणाली, खलिफांनी मनाई केली आहे. आई म्हणाली, उमर इथे कुठे बघतोय? मुलगी म्हणाली, उमर बघत नसेल, उमरचा रब बघतोय. तिला त्यांनी सून करून घेतलं, आणि परंपरा सांगते की पुढे खलिफा झालेला उमर बिन अब्दुल अझीझ तिचाच नातू. माप मारणाऱ्यांवर कुराणात अख्खी सूरह आहे. यावर गेम करायचा तर साहित्य तयार आहे: दुधाचं दुकान, माप, दुष्काळ, घरी आजारी आई, बाजार तपासणारा मुहतसिब.

पण अडचण बघा. कॉम्प्युटरला सगळं दिसतं. पाणी घातल्यावर मुहतसिब पकडत असेल तर मूल पकडलं जाण्याची भीती शिकेल, आणि मुहतसिब कुठल्या वारी येतो तेही. पाणी न घातल्याबद्दल कॉइन मिळत असेल तर ते कॉइन शिकेल. त्या मुलीने जे केलं ते कुणी मोजत नसताना केलं. ते दाखवायचं तर बनवणाऱ्याला निदान एका जागी मोजणं थांबवावं लागेल: दुधात पाणी घातलं तर जास्त पैसे येतील, कुणाला कळणार नाही, शेवटपर्यंत काही होणार नाही, नाही घातलं तरी काही होणार नाही, आई थोडी उशिरा बरी होईल. मग फोन बाजूला ठेवल्यावर अब्बांनी नाहीतर आपाने विचारायचं, तू काय केलंस रे, आणि का? असा गेम काढायला धाडस लागेल, कारण प्ले स्टोअरवर तो आला की त्याला एक स्टार मिळणार, आणि खाली कुणीतरी लिहिणार: पाणी न घालता खेळलं तर कॉइन जमा होत नाहीत, बग आहे, लवकर दुरुस्त करा.